डोंगरात कुठे बोलायचं, कुठे गप्प बसायचं



गहू-हरभरा घरात आला, तूर विकून झाली, आणि निंदणाला अजून वेळ आहे. लेकरांच्या शाळेला सुट्टी आहे, लेकी माहेरी आल्या आहेत. या दिवसांत गटाच्या बैठकीत एक विषय हमखास निघतो, की एक दिवस सगळ्या मिळून कुठेतरी जाऊ या. मग शेगावचं नाव निघतं, लोणारचं निघतं. तिथे जरूर जावं. पण या खेपेला आम्ही आणखी एक नाव सुचवणार आहोत, ते म्हणजे आपला डोंगर.

“डोंगरात काय पाहायचं? सरपणाला तर जातोच की!” असं म्हणणारी एक तरी बाई प्रत्येक गटात असते, आणि तिचं खरं आहे. आपल्यातल्या कितीतरी जणींनी डोंगर पाहिला तो डोक्यावर मोळी घेऊन. मोळी घेतलेली बाई पायाखाली पाहून चालते. मान वर करून झाड पाहायला तिला सवड नसते. म्हणून एक दिवस रिकाम्या हातांनी जायचं. पण उन्हाळ्यातलं रान हे तहानलेल्या जनावरांचं रान असतं. तिथे जायची रीत आहे आणि ती आधी समजून घ्यायला हवी. आजचं आमचं बोलणं त्याच रीतीबद्दल आहे.

आपला डोंगर आहे कुठे?

बुलढाणा जिल्ह्याचे जुनी माणसं दोन भाग सांगतात. खाली पूर्णेकाठचा काळ्या मातीचा सपाट मुलूख, म्हणजे मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव. तो पायनघाट. वर बुलढाणा, चिखली, मेहकर हा उंचावरचा मुलूख. तो बालाघाट. या दोघांच्या मधून अजिंठ्याच्या डोंगराची ओळ जाते. मोताळ्याकडून बुलढाण्याला येताना राजूर घाट लागतो, खामगावकडून येताना बोथ्याचा घाट लागतो. खाली अंग भाजत असतं आणि वळणं चढत वर आलं की वारा बदलतो. बुलढाण्याला विदर्भातलं थंड हवेचं गाव म्हणतात ते यामुळेच.

बोथ्याचा रस्ता ज्या जंगलातून जातो ते ज्ञानगंगा अभयारण्य. १९९७ साली ते जाहीर झालं आणि त्याचं क्षेत्र सुमारे २०५ चौरस किलोमीटर आहे. बिबट, अस्वल, तरस, भेकर, रोही, रानडुक्कर, मोर हे सगळे तिथले रहिवासी. पूर्णेच्या पलीकडे, जिल्ह्याच्या उत्तर टोकाला सातपुडा आहे. तिथे संग्रामपूर तालुक्यात अंबाबरवा अभयारण्य आहे, ते मेळघाट व्याघ्र प्रकल्पाला जोडलेलं आहे. तुमचं गाव जळगाव जामोद-संग्रामपूरकडे असेल तर सातपुडा जवळ, खामगाव-मोताळ्याकडे असेल तर अजिंठ्याचा डोंगर जवळ.

उन्हाळ्यातच का जायचं?

पावसाळ्यात रान हिरवंगार असतं, पण त्या हिरव्या भिंतीमागे जनावर दिसत नाही. चैत्र-वैशाखात साग, सालई उघडे पडतात, गवत वाळून बसतं, नाले आटतात. पाणी उरतं ते मोजक्या डोहांत, धरणाच्या काठाला आणि वनविभागाने भरलेल्या पाणवठ्यांवर. हरीण असो की बिबट, प्रत्येकाला तिथे यावंच लागतं. म्हणून जंगल उन्हाळ्यात जितकं दिसतं तितकं कधीच दिसत नाही.

याच कारणामुळे वैशाखी पौर्णिमेच्या रात्री पाणवठ्याजवळ मचाण बांधून प्राणी मोजायची पद्धत पडली. चांदण्यात पाण्यावर आलेलं जनावर ओळखू येतं. आता मोजणीचं खरं काम कॅमेरे करतात. तरी बुद्धपौर्णिमेला वनविभाग लोकांना मचाणावर बसायची संधी देतो. त्यासाठी आधी नाव नोंदवावं लागतं. हा अनुभव काही फक्त शहरातल्या माणसांसाठी नाही, गटातल्या बायांनीही चौकशी करायला हरकत नाही.

पण ज्या कारणाने प्राणी दिसतात त्याच कारणाने उन्हाळ्यात गाठही पडते. पाणी कमी, फळं कमी, आणि त्याच पाण्यावर, त्याच झाडाखाली माणूसही जातो. आपल्या जिल्ह्यात यातला सगळ्यात मोठा धोका अस्वलाचा आहे.

अस्वल अंगावर का येतं?

अस्वलाला माणूस खायचा नसतो. त्याचं खाणं म्हणजे उधई, मुंग्या, मध, मोहाची फुलं, टेंभरं, बोरं, उंबरं. त्याचं नाक फार तिखट असतं, पण नजर अधू. उधईचं वारूळ उकरताना ते तोंडाने एवढा आवाज करतं की आपली चाहूल त्याला लागतच नाही. आपण झुडपाआडून अचानक चार पावलांवर उभ्या राहिलो की ते दचकतं. हरणासारखं पळून जाणं त्याच्या स्वभावात नाही. वाघाशी सामना करत जगलेलं हे जनावर आहे, त्यामुळे जवळ आलेल्यावर ते आधी चाल करतं. सोबत पिलं असली तर विचारूच नका. उन्हाळ्यात अस्वलीण पिलांना पाठीवर घेऊन फिरताना दिसते. अशी आई सगळ्यात जास्त घाबरलेली असते.

हे समजलं की रीत आपोआप समजते. झुडपातून, नाल्यातून, वळणाच्या पायवाटेवरून चालताना बोलत चालायचं. ओरडायचं नाही, गाणी लावायची नाहीत. नेहमीच्या आवाजात गप्पा मारायच्या, काठी दगडावर टेकवत चालायचं. अस्वलाला लांबूनच कळलं की ते आपल्या वाटेने निघून जातं. एकटीने जायचं नाही, चार-पाच जणींनी मिळून जायचं. पहाटेच्या अंधारात आणि तिन्हीसांजेला झुडपात शिरायचं नाही, कारण त्या त्याच्या फिरायच्या वेळा. मोह वेचायला जाणाऱ्या आणि अंधारात नाल्याकडे जाणाऱ्या बायांना हे खास सांगायला हवं. सहलीच्या एका दिवसापेक्षा रोजच्या कामात ही गोष्ट जास्त उपयोगी आहे.

अस्वल लांब दिसलं तर थांबा. पळू नका, दगड मारू नका. त्याच्याकडे तोंड ठेवून हळूहळू मागे सरा. झाडावर चढून उपयोग नाही, ते आपल्यापेक्षा चांगलं चढतं. अगदी अंगावर आलंच तर पालथं पडायचं, तोंड जमिनीकडे करायचं आणि दोन्ही हात मानेमागे गुंफून मान-डोकं झाकायचं. त्याचे घाव बहुतेक डोक्यावर आणि चेहऱ्यावर बसतात म्हणून हे सांगितलं.

वनविभागाची मदत १९२६ या क्रमांकावर मिळते आणि रुग्णवाहिका १०८ वर. जखमी माणसाला शासनाकडून आर्थिक मदत मिळते. त्यासाठी वनविभागाला लगेच कळवा, पंचनामा करून घ्या आणि दवाखान्याची कागदं जपून ठेवा.

आणि गप्प कुठे बसायचं?

चालायच्या वाटेवर बोलायचं. पण बसायची जागा गाठली की गप्प व्हायचं. ही जागा उघडी हवी, मागेपुढे दूरवर दिसेल अशी. पाणवठ्याच्या अगदी काठाशी कधीही बसू नका. आपण तिथे तासभर बसलो तर तहानलेलं जनावर तासभर झाडीत ताटकळतं, किंवा पाणी न पिताच परत जातं. आपल्याला घरी जाऊन माठातलं पाणी मिळतं. त्याला दुसरा पाणवठा कितीतरी कोसांवर असतो.

पहिली दहा मिनिटं काहीच ऐकू येत नाही. मग रान उघडतं. तांबट पक्षी भांडं ठोकल्यासारखा एकसुरी टुकटुक करतो. टिटवी ओरडते. तिची अंडी या दिवसांत उघड्या जमिनीवर, खड्यांच्या रंगाची असतात, म्हणून माळावर पाय जपून टाकायचा. उंबर-पिंपळावर हिरवट-पिवळी कबुतरं दिसली तर तो हरियाल, आपल्या महाराष्ट्राचा राज्यपक्षी. मे सरता सरता पावशा ‘पेरते व्हा’ म्हणायला लागतो. वानर एकदम खॉक् खॉक् करायला लागलं आणि सगळ्या टोळीची मान एकाच दिशेला वळली, तर समजावं की बिबट जवळून चालला आहे. अशा वेळी उठून शोधायला जायचं नाही. सगळ्यांनी एकत्र येऊन मागे फिरायचं. गप्प बसणारीला असा निरोप आधी मिळतो.

गप्प राहून जगणं काय असतं हे एका वाघाने दाखवून दिलं. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातला एक तरुण वाघ २०१९ च्या जूनमध्ये स्वतःची जागा शोधायला निघाला. त्याच्या गळ्यात पट्टा होता, म्हणून त्याची वाट कळत गेली. महाराष्ट्र आणि तेलंगणातल्या शेतांमधून, नाल्यांमधून, रस्ते ओलांडत तो डिसेंबरमध्ये आपल्या ज्ञानगंगेत पोचला. पुढची भटकंती धरून एकूण चाल झाली सुमारे ३,००० किलोमीटर. बहुतेक चाल रात्रीची. कितीतरी गावांना पत्ताही लागला नसेल की आपल्या तुरीतून वाघ गेला. आपली शेतं, आपले नाले हीसुद्धा त्यांची वाट आहे हे या एका वाघामुळे सगळ्यांना कळलं.

हातांना शांत काम

दुपारी दहा-अकरानंतर डोंगरात फिरायचंच नाही. मग सावलीत बसून काय करायचं? आमचं सांगणं आहे की हातांना शांत काम द्या. गोधडीचा एक तुकडा सोबत न्या, चार जणी मिळून धागा घाला. लेकरांना एक वही द्या. पक्ष्याचं नाव येत नसेल तर रंग, चोच, आवाज, कोणत्या झाडावर बसला एवढं लिहू द्या, जमलं तर चित्र काढू द्या. गटातल्या म्हाताऱ्या बायांना झाडांची नावं विचारा आणि लिहून घ्या. कोणत्या झाडाचा पाला कशाला चालतो, कोणतं फळ कधी पिकतं, हे त्यांना तोंडपाठ आहे आणि कुठेही लिहिलेलं नाही. दरवर्षी त्याच दिवसांत, त्याच जागी बसून लिहिलेल्या चार वह्या झाल्या की गटाकडे डोंगराचा हिशेब तयार होतो. पळस कधी फुलला, पावशा कधी बोलला, नाला कधी आटला, सगळं त्यात येतं.

अभयारण्यातून मात्र पान, फळ, दगड, पीस काहीही घरी आणायचं नाही. बिया गोळा करायच्या तर गावातल्या कडुलिंबाच्या, करंजाच्या, जांभळीच्या करा आणि पाऊस लागला की बांधावर लावा.

निघण्याआधी

अभयारण्यात परवानगीशिवाय शिरता येत नाही. पायी कुठे जाता येतं, गाडीत कुठे बसावं लागतं, वाटाड्या घ्यावा लागतो का, हे आधी वनविभागाच्या कार्यालयात विचारा. एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे, ७५ वर्षांवरच्या आजींना प्रवास मोफत आहे. म्हणजे बुलढाण्यापर्यंतचा खर्च फार नाही. पुढे गटाने मिळून गाडी ठरवा. सकाळी लवकर निघा, अंधाराआधी घाट सोडा. घाटात गाडी हळू चालवायला सांगा आणि वानरांना खायला टाकू नका. खाण्याच्या आशेने ती रस्त्यावर येतात आणि गाडीखाली सापडतात.

भाकरी, ठेचा, कांदा, कैरीचं पन्हं घरून न्या. रोडग्यांचा बेत असेल तर तेही घरूनच भाजून न्या. वाळलेल्या पाल्यात एक ठिणगी पडली तर सगळा डोंगर जळतो, म्हणून चूल नाही, विडी नाही. प्रत्येकीजवळ निदान दोन-तीन लिटर पाणी हवं. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ठेवा. कुणाला गरगरलं तर सावलीत बसवून ते घोट घोट पाजा. अंग तापलं आणि बोलणं असंबद्ध झालं तर ओल्या फडक्याने अंग पुसत लगेच दवाखाना गाठा.

आता घरच्यांचा प्रश्न. “बिनकामाचं डोंगरात कशाला?” असं कुणी विचारलं तर सांगा, की अस्वलापासून कसं वाचायचं ते शिकायला चाललो. ते खोटं नाही. आणि एक दिवस मान वर करून झाड पाहायला चाललो, हेही सांगायला हरकत नाही. बाईच्या विश्रांतीला दर वेळी कामाचं निमित्त लागू नये.

पुढच्या बैठकीत तीन गोष्टी बोलून घ्या. आपल्या शिवारात अस्वल कोणत्या वाटेने येतं? पहाटे अंधारात एकटीला कुठे कुठे जावं लागतं आणि ते कसं टाळता येईल? आणि आपला डोंगर पाहायला कोणत्या दिवशी निघायचं? उत्तरं वहीत लिहून ठेवा, आम्हालाही कळवा. पुढच्या भेटीत त्यावरच बोलू.

रामराम मैत्रिणींनो.