मडकी फुटली, पुड्या उरल्या

अंबड तालुक्यातलं अंकुशनगर म्हणजे समर्थ सहकारी साखर कारखान्याचा परिसर. गाळप हंगाम आला की मराठवाड्यातल्या कारखान्यांभोवती ऊसतोड्यांच्या कोप्या पडतात. त्यांत बीडकडचे लोक जास्त. पण राज्यभराच्या फडांत खानदेशातली भिल्ल कुटुंबंही कोयता घेऊन उतरतात. शाळा सुटलेला पंधरा वर्षांचा पोरगा अपरात्री गाडी भरायला उठतो, तेव्हा झोप आणि भूक मारायला गालात तंबाखूचा बार धरतो. त्याला ते व्यसन वाटत नाही, कामाचाच भाग वाटतो. इकडे साखरेबरोबर मळी निघते, मळीपासून मद्यार्क, मद्यार्कापासून देशी दारू. तोडणाऱ्याच्या मजुरीतला वाटा असा फिरून उसाकडेच जातो.

‘आदिवासी आणि दारू, त्यांची रीतच ती’ असं आपल्याकडे सर्रास बोललं जातं. मागे वळून पाहिलं तर हे खोटं ठरतं. मोहाची दारू लग्नाला, सणाला, देवाला लागे, हे खरंच. पण 1878 च्या मुंबई अबकारी कायद्याने घरची भट्टी गुन्हा ठरली आणि मक्तेदाराचा गुत्ता कायदेशीर झाला. 1892 मध्ये तर ठाणे-कुलाबा जिल्ह्यांत मोहफुलांवरच निर्बंध आले. सरकारला महसूल, गुत्तेवाल्याला उधारीची वही आणि आदिवासीला कर्ज, अशी वाटणी झाली. 1922 च्या देवी चळवळीत पालघरच्या किनाऱ्यापासून दक्षिण गुजरातपर्यंत हजारो आदिवासींनी दारू सोडली, तेव्हा गुत्तेवाल्यांचं धाबं दणाणलं. रीतच असती तर ती एका हाकेसरशी सुटली नसती.

पुढचा टप्पा खानदेशातल्या शहाद्याचा. अंबरसिंग सुरतवंतींच्या पुढाकाराने भिल्ल शेतमजूर जमिनीसाठी आणि मजुरीसाठी उभे राहिले, आणि 1972-73 च्या सुमारास त्यांच्या बायका गावोगाव गुत्त्यांवर चालून गेल्या. दारूची मडकी फोडली, मारझोड करणाऱ्या नवऱ्यांना चारचौघांत जाब विचारला. गडचिरोलीत लोकांच्या दारूमुक्ती आंदोलनातून 1993 मध्ये जिल्ह्यात दारूबंदी आली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांची ‘सर्च’ संस्था त्यात आघाडीवर होती. शेजारच्या चंद्रपुरात 2015 मध्ये बंदी झाली, 2021 मध्ये उठली.

या सगळ्या लढ्यांच्या समोर होता तो पिणारा बाप्या. पोरगं कडेला राहिलं, आणि नेमकं त्याच्याच हातात दुसरं काही आलं. गडचिरोलीत त्याला खर्रा म्हणतात: सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या कागदावर खसाखसा घोटायचा आणि पुडी बांधायची. दारूसारखा त्याचा वास घरभर सुटत नाही, झिंगून कुणी पडत नाही, म्हणून आईही ओरडत नाही. खर्रा आणायला पोरालाच ठेल्यावर धाडतात. पहिली चव बहुतेक तिथेच लागते. राज्यात 2012 पासून गुटखाबंदी आहे. पुड्यांना मात्र टपरी अजून परकी नाही. 2016 मध्ये गडचिरोलीत सुरू झालेल्या ‘मुक्तिपथ’ अभियानाने दारूच्या जोडीला तंबाखू धरली, हे उशिरा सुचलं तरी फार महत्त्वाचं.

धोका पोराच्या रक्तात नाही. तो घरातल्या मोठ्यांच्या गालात आहे, शाळेबाहेरच्या टपरीवर आहे आणि सर्वांत जास्त ऊसतोडीच्या सहा महिन्यांच्या स्थलांतरात आहे. आठवीतला मुलगा फडावर गेला की परतल्यावर वर्गात बसायला लाजतो. मग रिकामा दिवस, खिशात उचलीतले चार पैसे आणि मोठ्यांची सोबत. व्यसनाच्या दुष्परिणामांवरचं व्याख्यान इथे काय करणार? हंगामी वसतिगृह गावातच वेळेवर उघडलं आणि पोरगं आजीजवळ राहून शिकलं, तर त्याचा उपयोग अधिक.

कायद्याची कमतरता नाही. 2003 च्या तंबाखू कायद्याने अठराखालच्यांना विक्रीला आणि शाळेपासून शंभर यार्डांत विक्रीला मनाई आहे. बाल न्याय कायदा, 2015 च्या कलम 77 प्रमाणे मुलाला दारू किंवा तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. गाळप सुरू व्हायच्या आधी पोलीस, शाळा आणि कारखाना यांनी एकदा टपऱ्यांवर फेरी मारावी, आणि मुकादमाने टोळी आणताना पोरांची यादी शाळेकडे द्यावी.