हिमांत रुतलेलें चाक

कर्णाच्या रथाचें चाक भूमीनें गिळलें तेव्हां त्या महारथ्याच्या बाहूंत बळाची उणीव नव्हती. उणीव होती ती वेळाची. रुतलेलें चाक वर काढण्यास बळापेक्षां अवकाश आणि स्वस्थ चित्त हींच अधिक लागतात. पावसाळ्यांत काळ्या रानांत बैलगाडी रुतली असतां आपल्याकडील जाणता गाडीवान बैलांवर आसूड ओढीत बसत नाहीं. तो खालीं उतरतो, चाकापुढचा चिखल काढतो, तेथें दगडगोटे व झाडाच्या फांद्या टाकतो, आणि मगच बैलांना हांक देतो. हीच युक्ति हिमांत रुतलेल्या मोटारीस कशी लागू पडते, तें सांगण्यासाठीं हा लेखनप्रपंच आहे.

“या विषयाशीं आमचा काय संबंध?” असें कांहीं वडीलधारी मंडळी विचारतील. पूर्वीं तो फारसा नव्हता हें खरें. परंतु ऑक्टोबर २०२० मध्यें रोहतांगच्या डोंगराखालून जाणारा सुमारें ९ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा खुला झाला, आणि समुद्रसपाटीपासून १०,००० फुटांहून उंच असलेलें, हिंवाळ्यांत एके काळीं जगापासून तुटून पडणारें लाहौलचें खोरें मनालीच्या प्रवाशास अगदीं जवळ आलें. नाताळच्या सुटींत आपल्याकडील कुटुंबेंच्या कुटुंबें आतां तेथें जातात. डिसेंबर २०२४ मध्यें सोलंग व हा बोगदा यांच्या दरम्यान हिमवृष्टि होऊन शेंकडों गाड्या अडकल्या, आणि पोलिसांना प्रवाशांची सुटका करावी लागली. शिवाय ज्या घरांतील मुलें-सुना कॅनडांत किंवा अमेरिकेच्या उत्तर भागांत नांदत आहेत, त्यांना तर हा प्रश्न दर हिंवाळ्यांत पडणारा आहे.

प्रथम कारण समजून घेऊं. कारण कळलें म्हणजे उपाय पाठ करावे लागत नाहींत. आपण व्यवहारांत ‘बर्फ’ हा एकच शब्द वापरतों. पण आकाशांतून कापसासारखें पडतें तें हिम, आणि तेंच दडपून किंवा वितळून पुनः गोठलें म्हणजे होतो तो बर्फ, असा भेद येथें करणें इष्ट आहे. मोटार पुढें जाते ती टायर रस्त्याला मागें रेटतो म्हणून. हें रेटणें घर्षणावर अवलंबून असतें. कोरड्या डांबरी रस्त्यावर जी पकड मिळते, तिचा तिसरा-चौथा हिस्सा दडपलेल्या हिमावर मिळतो. ओलसर बर्फावर तर दहावा हिस्साहि मिळण्याची मारामार. ओलसर म्हणण्याचें कारण असें कीं, शून्य अंशाच्या आसपास बर्फाच्या पृष्ठावर पाण्याचा अत्यंत पातळ थर असतो व तोच निसरडेपणा आणतो. कडक थंडींतला बर्फ त्या मानानें कमी निसरडा असतो.

आतां चाक अडकलें कीं बहुतेकांचा पाय आपोआप ॲक्सिलरेटरवर जोरानें पडतो. चाक जागच्या जागीं गरगर फिरतें, घर्षणाच्या उष्णतेनें खालचें हिम वितळतें, आणि क्षणांत तें पाणी गोठून आरशासारखा बर्फ तयार होतो. त्याच वेळीं चाक स्वतःसाठीं खळगा खणीत जातें, व अखेर गाडीचें पोट हिमावर टेकून चाकांवरचा भारच नाहींसा होतो. गाळांत फसलेला हत्ती जसा धडपडीनेंच अधिक खोल जातो, तशीच ही अवस्था. म्हणून पहिला नियम हा कीं, चाक एकदां रिकामें फिरूं लागलें कीं पाय तत्काळ काढून घ्यावा.

नंतर खालीं उतरून गाडीभोवतीं एक फेरी घालावी. सर्वांत आधीं मागील बाजूस धूर बाहेर टाकणारी सायलेन्सरची नळी हिमानें बुजली असेल तर ती मोकळी करावी. याचें कारण पुढें येईल. मग फावड्यानें चाकांच्या पुढचें व मागचें हिम हातभर तरी उपसावें, आणि गाडीच्या पोटाखालीं सांचलेलेंहि काढावें. फावडें नसल्यास ताटली, डबा, जें हातीं येईल तें चालतें. चाकें सरळ करावीं. वळलेलें चाक हिमाची भिंत पुढें लोटीत जातें.

यानंतर चाकाखालीं खरखरीत असें कांहींतरी घालावें. वाळू, बारीक खडी, राख, झाडाच्या बारीक फांद्या, हीं उत्तम. कांहीं नसेल तर गाडींतील पायपुसणीं उलटीं करून चाकाला भिडवावीं. तीं ज्या चाकांना इंजिनाचा जोर मिळतो त्यांच्याखालींच घालावयाचीं, हें विसरूं नये. आपल्याकडील बहुतेक लहान मोटारींत तीं पुढचीं चाकें असतात. कांहीं मोठ्या गाड्यांत मागचीं. चाक फिरूं लागलें कीं पायपुसणें वेगानें मागें फेंकलें जातें. तेव्हां त्या रेषेंत कोणी उभें राहूं नये. मिठानें बर्फ वितळतो खरा, पण त्यास वेळ लागतो, व थंडी फार कडक असल्यास साध्या मिठाचा उपयोग थोडाच होतो. उकळतें पाणी मात्र कधींहि ओतूं नये. थोड्याच वेळांत त्याचा नवा बर्फ होतो.

आतां गाडी चालूं करून पहिल्याऐवजीं दुसरा गिअर घालावा, म्हणजे चाकावर येणारा जोर सौम्य होतो. क्लच अगदीं सावकाश सोडावा. गाडी बोटभर पुढें सरकून थांबली तर चाक घसरण्यापूर्वींच मागें येऊं द्यावी, पुनः पुढें न्यावी. पाळण्याला झोका द्यावा तसें. प्रत्येक झोक्यास वाट थोडी लांबते, आणि बहुधा चार-सहा झोक्यांत गाडी बाहेर येते. हल्लींच्या गाड्यांत चाक घसरूं लागलें कीं इंजिनाचा जोर आपोआप तोडणारी ‘ट्रॅक्शन कंट्रोल’ नांवाची योजना असते. एरवीं ती हितकर. पण रुतलेल्या गाडीस झोका देतांना आड येते. तेवढ्यापुरती बटनानें बंद करून बाहेर पडतांच पुनः चालूं करावी. धक्का देणाऱ्यांनीं चाकांच्या रेषेंत किंवा उताराच्या बाजूस राहूं नये. दुसऱ्या गाडीनें ओढावयाचें तर दोर त्यासाठीं असलेल्या कडीसच बांधावा, आणि दोराच्या टप्प्यांत कोणी थांबूं नये; ताणलेला दोर तुटला तर तो चाबकासारखा उलटतो.

इतकें करूनहि गाडी न निघाली तर? येथें प्रश्न गाडीचा राहत नाहीं, प्राणांचा होतो. जानेवारी २०२२ मध्यें पाकिस्तानांतील मरी या थंड हवेच्या गांवाजवळ हिमवृष्टींत हजारों गाड्या अडकल्या, आणि निदान २२ माणसें, त्यांत कित्येक लहान मुलें, आपापल्या गाडींतच मृत्यु पावलीं. कांहींचा घात थंडीनें झाला. पण कित्येकांच्या बाबतींत संशय आला तो धुरांतील विषारी वायूचा. नळी हिमाखालीं बुजली आणि उबेसाठीं इंजिन चालूं ठेवलें कीं कार्बन मोनॉक्साइड गाडींत शिरतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. डोकें दुखतें, गुंगी येते, आणि झोंपलेला माणूस जागा होत नाहीं. दारें-खिडक्या घट्ट लावून, मुलांना कुशींत घेऊन ऊब धरणारें कुटुंब स्वतःच्या मायेनेंच फसतें.

म्हणून गाडींतच थांबावें, वादळांत पायीं निघूं नये. परंतु इंजिन तासांतून सुमारें दहा मिनिटेंच चालवावें, प्रत्येक वेळीं आधीं उतरून नळी मोकळी आहे हें डोळ्यांनीं पाहावें, आणि वाऱ्याच्या उलट बाजूची खिडकी बोटभर उघडी ठेवावी. सर्वांनीं एकदम झोंपूं नये; एकानें जागें राहावें. गाडीला भडक रंगाचें वस्त्र बांधावें, म्हणजे मदतीस येणाऱ्यांना ती दिसते. विजेवर चालणाऱ्या मोटारींत या वायूचें भय नाहीं. तेथें विजेचा सांठा जपून वापरणें एवढेंच पथ्य.

निघण्यापूर्वीं डिकींत लहानसें फावडें, वाळूची पिशवी, चाकांच्या साखळ्या, दोर, विजेरी, घोंगड्या, पाणी, आणि दशम्या-लाडवांसारखें टिकाऊ खाणें ठेवावें. इंधनाची टांकी अर्ध्याच्या खालीं जाऊं देऊं नये. साखळ्या गाडी रुतल्यावर चढविण्यापेक्षां चढ लागण्यापूर्वींच चढविणें सोपें. आणि तेथील चालक ‘आज जाऊं नका’ म्हणाला तर त्याचें ऐकावें. त्याला तो रस्ता जन्मापासून ठाऊक असतो.

आपल्या एकत्र कुटुंबांविषयीं एक गोष्ट सांगून लेखणी खालीं ठेवतों. गाडी अडकली कीं आंतील पांच माणसें पांच सल्ले देऊं लागतात, मुलें रडतात, मागच्या गाड्या कर्णे वाजवितात, आणि चालविणारा बिचारा गोंधळून ॲक्सिलरेटर दाबतो. अशा वेळीं त्या गाडींतील सर्वांत वडील माणसाचें काम एकच आहे. त्यानें सर्वांस गप्प बसवावें आणि चालविणाऱ्यास म्हणावें, “सावकाश होऊं दे, आम्हांला कसलीहि घाई नाहीं.”