समुद्राला नारळच का?

मुलांनो, नारळी पौर्णिमा जवळ आली होती. चौथीच्या वर्गात एकाने मला विचारलं, "बाई, समुद्राला नारळच का द्यायचा? आंबा का नाही?" सगळे हसले. तो मात्र हसला नाही. त्याचे वडील मासेमारी करतात. पूजा झाली की त्यांची होडी पावसाळ्यानंतर पहिल्यांदा दर्यात जाणार होती.

नारळ शुभ म्हणून देतात, हे तर खरंच. पण मला आठवला एक दगडी नांगर. शेतातला नव्हे हं, जहाज थांबवायचा! सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी सोस्त्रातोस नावाच्या ग्रीक माणसाने तो इटलीतल्या ग्राविस्का बंदरात अपोलो देवाला वाहिला. तसं त्यावर कोरलेलंच आहे. सामोस बेटावर हेरा देवीच्या देवळात तर लाकडी होड्यांच्या छोट्या प्रतिकृती सापडल्या. वादळात ज्याच्या भरवशावर जीव, तेच देवाला द्यायचं!

ग्रीक फार लांबचे वाटतात ना? त्यांच्या समुद्रदेवाची, पोसायडनची, छोटी कांस्यमूर्ती आपल्या कोल्हापुरात ब्रह्मपुरी टेकडीवर सापडली. टाऊन हॉलच्या संग्रहालयात ती आहे. गेलात तर बघून या.

आता आपला नारळ. 'सुंभ जळला तरी पीळ जात नाही' ही म्हण तुम्ही पाठ केली असेल, पण सुंभ पाहिलाय? नारळाची सोडणं खाडीच्या पाण्यात कित्येक महिने कुजवायची, बडवायची, निघालेला काथ्या वळायचा, की झाला सुंभ. अरबी समुद्रातली जुनी जहाजं अशाच दोरीने शिवत. होय, शिवत! खिळा खाऱ्या पाण्यात गंजतो. शिवलेली फळी लाट आदळली की जराशी दबते, चटकन फुटत नाही.

खोटं वाटतं? आपल्या नौदलाचं 'कौंडिण्य' जहाज गोव्यात असंच काथ्याच्या दोरीने शिवून बांधलं. २१ मे २०२५ रोजी ते कारवारला नौदलात दाखल झालं. डिसेंबरात पोरबंदरहून निघालं आणि जानेवारी २०२६ मध्ये शिडांवर मस्कतला पोहोचलं!

म्हणून मला वाटतं, सोनेरी कागदातला तो नारळ सोस्त्रातोसच्या नांगराचाच भाऊ आहे.

पौर्णिमेनंतर तो मुलगा शाळेत आला, तो मुठीत काहीतरी धरून. आजोबांच्या जुन्या होडीवरचा सुंभाचा तुकडा! वर्गभर हातोहात फिरला. त्याला अजून खारा वास येत होता.