घ्राणशक्तीचे पुनर्वसन आणि मराठीतील गंधवाचक शब्द

अक्कलकोट हे सोलापूर जिल्ह्यातील, कर्नाटकाच्या सीमेलगतचे तालुक्याचे गाव. तेथील वटवृक्ष मंदिराच्या परिसरात उदबत्ती, कापूर, अष्टगंध आणि फुले यांचा संमिश्र गंध भरून असतो; बाजारात मराठी व कानडी या दोन्ही भाषा कानांवर पडतात. मराठीत ‘वासना’ म्हणजे इच्छा, तर कानडीत ‘वासने’ म्हणजे वास. अशा गावी ज्याची घ्राणशक्ती नष्ट झाली आहे त्याने आपली अवस्था कोणत्या शब्दांत सांगावी, हा प्रश्न केवळ वैद्यकाचा नसून भाषाशास्त्राचाही आहे. २०२० सालापासून कोविडच्या साथीत असंख्य लोकांना या अवस्थेचा अनुभव आल्यामुळे त्याचा विचार अगत्याचा झाला आहे.

(१) गंधोपचार आणि गंधाभ्यास

सुगंधी तेलांच्या उपचाराला फ्रेंच रसायनज्ञ गात्तफोसे याने १९३७ साली आपल्या ग्रंथाच्या शीर्षकाने ‘अरोमाथेरपी’ हे नाव दिले. घ्राणशक्तीच्या पुनर्वसनात तीच तेले वापरली जात असली, तरी त्यामागील तत्त्व निराळे आहे. येथे तेल औषध म्हणून काम करीत नाही. ते अभ्यासाचे साधन असते.

नाकाच्या वरच्या भागातील घ्राणपेशी हे चेतापेशींचे एक विलक्षण उदाहरण होय. त्या आयुष्यभर नव्याने निर्माण होत राहतात. त्यांच्यावर सुमारे चारशे प्रकारचे गंधग्राहक असतात. या ग्राहकांच्या जनुकांचा शोध लिंडा बक व रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ साली प्रसिद्ध केला आणि २००४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. कोविडचा विषाणू प्रामुख्याने या पेशींना नव्हे, तर त्यांना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींना ग्रासतो, असे २०२० पासूनच्या संशोधनावरून दिसते. अनेकांची घ्राणशक्ती काही आठवड्यांत परत का आली, याचा उलगडा त्यावरून बऱ्याच अंशी होतो. ज्यांची परत येत नाही त्यांच्यासाठी हा अभ्यास आहे.

जर्मनीतील ड्रेस्डेन येथील टोमास हुमेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली त्याची पहिली पद्धतशीर मांडणी केली. चाळीस रुग्णांनी गुलाब, निलगिरी, लिंबू व लवंग यांचे गंध सकाळ-संध्याकाळ, बारा आठवडे, लक्षपूर्वक हुंगले. सोळा रुग्णांनी असे काही केले नाही. अभ्यास करणाऱ्यांच्या गटात सुधारणा अधिक आढळली. काळ वाढविल्यास व मधूनमधून गंध बदलल्यास लाभ वाढतो, असे पुढील अभ्यासांत दिसून आले. तथापि सर्वांनाच गुण येतो असे नाही. आणि नाकात गाठ वा सूज आहे काय, हे वैद्याकडून आधी तपासून घेणे आवश्यक असते.

(२) निवडलेले चार व वगळलेले दोन

हे चार गंध सहज हाती आले म्हणून घेतलेले नाहीत. हान्स हेनिंग या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १९१६ साली गंधांचे सहा मूळ वर्ग कल्पिले होते: पुष्पगंधी, फलगंधी, मसालेदार, राळेसारखा, जळका आणि कुजका. गुलाब, लिंबू, लवंग व निलगिरी हे यांपैकी पहिल्या चार वर्गांचे प्रतिनिधी होत. जळका व कुजका हे दोन वर्ग अभ्यासातून वगळले गेले. दिवसातून दोनदा कुजका वास हुंगावयास कोण तयार होईल, हे उघडच आहे.

परंतु मराठी शब्दसंपत्तीच्या दृष्टीने हे दोन वर्गच सर्वांत समृद्ध आहेत. भारतीय शास्त्रपरंपरेत गंधाचे वर्गीकरण त्रोटक आहे. अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त रूपाचे सात व रसाचे सहा प्रकार सांगितले असून गंधाचे मात्र सुरभी आणि असुरभी असे दोनच आहेत. गंधद्रव्यांच्या शास्त्राची परंपरा वेगळी होती. ‘गंधवाद’ नावाच्या ग्रंथाच्या दुर्मिळ हस्तलिखिताचा व त्यावरील मराठी टीकेचा परामर्श परशुराम कृष्ण गोडे यांनी घेतला असून त्याचा काळ इ. स. १३५० ते १५५० यांच्या दरम्यानचा मानला आहे. अशा ग्रंथांचा विषय मुख्यतः द्रव्ये व त्यांचे योग हा असतो. सुवासाची ओळख तेथे द्रव्याच्या नावानेच होते.

बोलीतही तसेच आहे. मोगऱ्याचा, केवड्याचा, वाळ्याचा असे षष्ठीचे प्रयोग मूळ वस्तू सांगतात. ‘दरवळ’ व ‘घमघमाट’ हे शब्द गंधाचा प्रसार व तीव्रता सांगतात. तो कोणत्या जातीचा, हे सांगत नाहीत. याउलट ‘खवट’ हा शब्द खोबरे, शेंगदाणे, तेल व जुने तूप या सर्वांना सारखाच लागू पडतो. ‘तांबडा’ हा शब्द जसा एका वस्तूला बांधलेला नाही, तसाच हाही नाही. ‘करपट’, ‘कुजट’, ‘कुबट’, ‘वशट’ हे त्याच जातीचे शब्द होत. सुखद गंधांच्या बाजूला ‘खमंग’ व ‘खरपूस’ एवढेच ठळक अपवाद दिसतात, आणि तेही भाजण्या-तळण्याशी निगडित आहेत.

मलाया द्वीपकल्पातील जहाई भाषेचे भाषक गंधांची नावे रंगांच्या नावांइतक्याच सहजतेने सांगतात, तर इंग्रजी भाषक तेथे अडखळतात, असे असीफा माजिद व निक्लास बुरेनहुल्ट यांनी २०१४ साली दाखवून दिले. मराठीची स्थिती या दोहोंच्या मधली म्हणावी लागेल: नासलेल्या-जळलेल्याच्या बाबतीत जहाईकडे झुकणारी, सुवासाच्या बाबतीत इंग्रजीकडे.

(३) उपयोजन

या विषमतेला व्यवहारात मोठा अर्थ आहे. घ्राणशक्ती गेलेल्या मनुष्याला अत्तरावाचून फारसे अडत नाही. त्याला धोका असतो तो करपट, कुजट व खवट यांपासून. सोलापूरकडच्या घराघरांत शेंगदाण्याची चटणी असते. दाणे खवट झाल्याचे त्याला कळत नाही. स्वयंपाकाच्या गॅसला मुद्दाम दिलेली दुर्गंधीही त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. शिवाय सुधारणेच्या काळात पुष्कळांना ओळखीचे वास विकृत होऊन येतात. कॉफी जळकी वाटते, कांदा कुजका वाटतो. अशा रुग्णाला ‘वास येतो का?’ एवढेच विचारले, तर ‘येतो’ हे उत्तर खरे असूनही दिशाभूल करणारे ठरते. ‘करपट येतो की कुजट?’ असे विचारले तर विकृतीचे स्वरूप नोंदता येते.

दुसरी खबरदारी कापराची. कापूर, निलगिरी व अमोनिया यांची जाणीव ट्रायजेमिनल नावाच्या वेगळ्या चेतातंतूनेही होते. त्यामुळे घ्राणशक्ती नसतानाही थंडावा वा झोंबणे कळते. मराठीत ‘वास येणे’ आणि ‘नाकाला झोंबणे’ ही क्रियापदे मुळातच वेगळी आहेत. रुग्णाच्या नोंदवहीत ती वेगळ्या रकान्यांत लिहिली जावीत. तपासणीची साधनेही स्थानिक हवीत. अमेरिकेत १९८० नंतरच्या दशकात रूढ झालेल्या चाळीस गंधांच्या कसोटीत भोपळ्याचा पाय व रूट बिअर यांचे वास आहेत. अक्कलकोटच्या रुग्णाला ते ओळखता आले नाहीत, तर दोष त्याच्या नाकाचा नव्हे. त्याच्यासाठी लवंग व लिंबू तर हवेतच. शिवाय हिंग, मेथी व मोगरा हे त्याच्या परिचयाचे गंधही हवेत.

शब्दांनी पेशी उगवत नाहीत, हे खरे. परंतु अभ्यासात लक्ष व स्मृती यांना स्थान आहे, आणि स्मृतीला आधार नावाचा असतो. संस्कृतातील ‘वासना’ या शब्दाचा संबंध सुवासित करणे या अर्थाच्या ‘वास्’ धातूशी जोडला जातो. फुलांत ठेवलेल्या तिळांना जसा त्यांचा गंध लागतो, तसा मनावर उमटलेला संस्कार म्हणजे वासना, हा दृष्टान्त बौद्ध ग्रंथांत येतो. कानडीने त्या शब्दाचा गंध राखला, मराठीने इच्छा राखली. हरवलेला वास परत मिळविण्याच्या अभ्यासात रुग्णाला या दोहोंचीही गरज पडते.