फाटक्या स्वराची गोडी

अमेरिकेतील नॅशव्हिल येथे मार्टी रॉबिन्स या गायकाच्या ‘डोन्ट वरी’ या गीताचे ध्वनिमुद्रण चालले असता ग्रेडी मार्टिन यांच्या सहा तारांच्या बास गिटारचा नाद एकाएकी फाटला. दोष वादकाचा नव्हता. मिश्रणयंत्राचा एक भाग बिघडला होता. तो स्वर तसाच ठेवण्यात आला. १९६१ साली गीत प्रसिद्ध झाले, आणि हा फाटका स्वरच लोकांच्या कानांत राहिला. ध्वनितंत्रज्ञ ग्लेन स्नॉडी यांनी मग असा बिघाड हुकमी घडविणारे उपकरण रचले. गिब्सन कंपनीने १९६२ मध्ये ते ‘माएस्ट्रो फझ-टोन’ या नावाने विक्रीस आणले.

बिघाडात गोडी यावी कोठून? ध्वनिवर्धकास झेपेल त्याहून प्रबळ संकेत दिला की लाटेचा माथा छाटला जातो, आणि लाटेचा आकार बदलताच मूळ स्वराच्या पटीतले उपस्वर उपजतात. सेकंदास १०० कंपनांच्या स्वरासवे २००, ३०० कंपनांचेही स्वर उमटू लागतात. चुंबकीय फीत एकदम छाटत नाही. तिची चुंबकत्व धारण करण्याची शक्ती संपत येते तसा लाटेचा माथा हळूहळू वाकतो. हीच संपृक्तता. मिरजेचा कारागीर तंबोऱ्याच्या घोडीस जवारी काढतो, तेव्हा कारण निराळे असले तरी कानास मिळणारे सुख याच जातीचे असते.

याचा उपयोगही मोठा आहे. लहान रेडिओच्या कर्ण्यातून ६० कंपनांचा खर्ज निघतच नाही; पण त्याचे १२० व १८० कंपनांचे उपस्वर ऐकू आले, की कान मूळ खर्ज आपणच भरून घेतो.

दोन स्वर एकत्र फाटले, तर त्यांच्या बेरजा-वजाबाक्यांचेही स्वर निपजतात. षड्ज-पंचमाच्या जोडीस ते मानवतात. म्हणूनच रॉक संगीतातील गिटारवादक ती जोडी पसंत करतात. गुंतागुंतीच्या स्वरमेळाचा मात्र चिखल होतो.

नवशिक्या तंत्रज्ञाची फसगत होते ती आवाजाच्या पातळीमुळे. संपृक्त केलेला स्वर बहुधा मोठाही होतो, आणि मोठे ते कानास उगाच सरस भासते. दोन्ही स्वर समान पातळीवर आणून ऐकल्यास निम्मा मोह तेथेच ओसरतो. शिवाय मूळ स्वच्छ मुद्रण निराळे जपावे लागते, कारण छाटलेला माथा पुन्हा जसाच्या तसा उगवत नाही.