यान उतरवणं परवडत नाही!

कोळवणच्या भातखाचरात अंतराळयान उतरवायचंय, असं समजू. दिवस आवणीचे, चिखल गुडघाभर. बांध फुटला तर शेतकऱ्याला भरपाई द्यावी लागणार. शिवाय यानाची छोटी प्रतिकृती बनवायची, तिचं वेगळं चित्रण करायचं. आणि मालिका म्हटली की हे दर आठवड्याला!

१९६६ मध्ये सुरू झालेल्या ‘स्टार ट्रेक’ या अंतराळमालिकेपुढे भातखाचरं नव्हती, पण हिशेब हाच होता. माणूस इथे विरघळतो आणि दुसऱ्या ग्रहावर प्रकट होतो, ही करामत कुणा शास्त्रज्ञाच्या डोक्यातून आली असावी, असा पुष्कळांचा समज आहे. ती आली पैशांच्या तंगीतून. यान दर भागात उतरवणं झेपेना, म्हणून माणसंच परस्पर खाली धाडली. विरघळताना दिसणारी ती चमचम म्हणजे काळ्या पडद्यापुढे, प्रकाशाच्या झोतात सोडलेली ॲल्युमिनियमची भुकटी. कॅमेरा उलटा धरून ती संथ गतीत टिपली होती.

आवाजाचंही तसंच. ‘डॉक्टर हू’ या मालिकेतलं यान घरघरत निघतं तो आवाज कुठल्याशा इलेक्ट्रॉनिक वाद्याचा असणार, असं ऐकताना वाटतं. बीबीसीच्या ब्रायन हॉजसन यांनी तो घराच्या किल्लीतून काढला. मोडक्या पियानोच्या खर्जाच्या तारांवर किल्ली घासायची, टेपवर ध्वनिमुद्रण करायचं, मग त्या टेपवर संस्कार. बस्स.

परदेशात सगळं पहिल्या फटक्यात जमतं, हाही एक गोड गैरसमज. ‘डॉक्टर हू’चा पहिला भाग लखनौत जन्मलेल्या वारिस हुसेन यांनी दिग्दर्शित केला. सप्टेंबर १९६३ मध्ये त्याचं चित्रण झालं, तेव्हा काळाच्या पार जाणाऱ्या त्या यानाचं दार काही नीट मिटेना. संवाद चालू आणि मागे दाराची आदळआपट! वरिष्ठांनी अख्खा भाग पुन्हा करायला लावला. प्रेक्षकांनी २३ नोव्हेंबरला पाहिला तो हा दुसरा.

संगणक आला की कष्ट संपतात म्हणावं, तर तेही नाही. केतन मेहतांची ‘कॅप्टन व्योम’ १९९८ मध्ये दूरदर्शनवर आली, मिलिंद सोमण नायक. संगणकाने अवकाश उभं करता येतं. पण समोर नसलेल्या गोष्टीकडे ती आहे असं बघायला नटच लागतो.

उरला शेवटचा समज, की असली हातचलाखी आपल्या मातीतली नाही. प्रभातच्या ‘संत तुकाराम’मध्ये (१९३६) तुकोबा वैकुंठाला जातात ते कॅमेऱ्याच्या करामतीवरच. त्याही आधी, ‘राजा हरिश्चंद्र’ काढायला भांडवल हवं होतं तेव्हा, जादूचे प्रयोग करणाऱ्या दादासाहेब फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला होता. कॅमेरा त्याच्यापुढे रोवला आणि थोडी थोडी वाढ टिपत गेले. चित्रं सलग फिरवली तेव्हा कोंब डोळ्यांदेखत वर आला. ते पाहून कर्ज देणारा तयार झाला.