लवणारं लोखंड

घडीच्या साध्या चाकूत पातं कुठेही कुलूपबंद झालेलं नसतं. ना खटका, ना कडी, ना स्क्रू. उघडं पातं उघडं राहतं आणि मिटलेलं मिटलेलं राहतं, ते मुठीच्या पाठीत बसवलेल्या एका पोलादी पट्टीच्या दाबावर. पातं फिरू लागलं की ही पट्टी जेमतेम मिलिमीटर-दीड मिलिमीटर वर उचलली जाते, पात्याचं बूड खालून सरकतं, पट्टी पुन्हा आपटून जागेवर बसते. तिला घड्याळजीच्या शब्दात कमान म्हणू. गिऱ्हाईक दुकानात अंगठ्यावर धार पाहतं आणि पैसे मोजतं. पण धार काय, सहाणेवर उद्या पुन्हा लावता येते. कमान मेली की चाकू मेला.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात लोखंड मुबलक, लोहारही जुने, पण हा चाकू इथला नव्हे. इथली हत्यारं उघडी वागवायची: खांद्यावर कुऱ्हाड, कमरेला विळा. माडिया माणूस जंगलात निघाला की कुऱ्हाड खांद्याला लटकलेली असणारच. तिला मिटवून ठेवायची गरज कधी पडली नाही, कारण ती दिवसभर लागते. घडीचा चाकू हे खिशाचं अपत्य आहे, आणि धोतर-लुंगीला खिसा कुठे असतो! आपल्याकडे मिटणारं एकच हत्यार घरोघरी गेलं, ते चंचीतला अडकित्ता. त्यालाही खिळ्यावर फिरणारी दोन अंगं आहेत, पण कमान नाही. तो हाताच्या जोरावर उघडतो आणि हाताच्या जोरावर मिटतो.

लोखंडाला दांडा कसा जोडायचा, हा प्रश्न मात्र विदर्भाने फार लवकर सोडवला. नागपूर जिल्ह्यात पेंच नदीकाठच्या नायकुंडला शां. भा. देव आणि अ. प्र. जामखेडकर यांनी १९७८ ते १९८० या काळात उत्खनन केलं. तिथे लोखंड गाळायची भट्टी सापडली: मातीच्या वक्र विटा, हवा फुंकायच्या मातीच्या नळ्या, भोवती मळी. काळ इसवीसनापूर्वी सातव्या शतकाच्या आसपासचा. ही भट्टी महापाषाणी लोकांची, म्हणजे दफनाभोवती मोठे दगड रचणाऱ्यांची. त्यांच्याच दफनांत, माहुरझरी आणि आसपासच्या शिळावर्तुळांत, चपट्या लोखंडी कुऱ्हाडी मिळतात. त्यांना दांड्यासाठी भोक नाही. कुऱ्हाडीचं पातं लाकडावर ठेवून त्याभोवती लोखंडी पट्ट्या फुलीसारख्या आवळलेल्या आहेत. लाल तापलेली पट्टी गुंडाळायची. थंड होताना ती आकसते आणि पकड घट्ट होते. ही जोडणी विदर्भाची ओळखच मानली जाते. अशा दगडी स्मारकांची साखळी दक्षिणेकडे चंद्रपूर जिल्ह्यातही येते. चिमूर तालुक्यातलं हिरापूर हे त्यातलं एक ठिकाण.

योगायोग असा की साधारण त्याच शतकांत, इसवीसनापूर्वी ६०० ते ५०० च्या सुमारास, ऑस्ट्रियातल्या हालश्टाट इथे कोणीतरी हाडाच्या मुठीत मिटणारं लोखंडी पातं बसवलं होतं. घडीचा चाकू इतका जुना आहे. पण त्यातही कमान नव्हती. पातं खिळ्याच्या आवळेपणावर राहायचं. पुढे रोमनांनी तसेच चाकू केले, शेतकऱ्यांनी शतकानुशतकं वापरले. मुठीच्या पाठीत कमान आली ती थेट सतराव्या शतकाच्या मध्यास, इंग्लंडातल्या शेफील्डला. मध्ये दोन हजार वर्षांहून जास्त काळ गेला, याचं कारण कल्पनेचा दुष्काळ हे नसावं. हजारो वेळा वाकून प्रत्येक वेळी तितकंच सरळ होणारं पोलाद स्वस्तात आणि खात्रीने करता येत नव्हतं, हेच कारण मला पटतं.

आता चाकू खोलून पाहू. मधोमध एकाच पातळीत दोन पोलादी तुकडे: पुढे पातं, मागे कमान. त्यांच्या दोन्ही अंगांना पितळेच्या पातळ पट्ट्या, साधारण एक मिलिमीटरच्या. पट्ट्यांच्या बाहेरून मुठीच्या दोन बाजू, लाकडाच्या, हाडाच्या किंवा शिंगाच्या. आणि पातं जिथे फिरतं तिथे जर्मन सिल्व्हरचे जाड तुकडे, ज्यांना बोल्स्टर म्हणतात. हे सगळं तीन मुख्य खिळ्यांवर उभं असतं. एक खिळा पात्याच्या बुडातून, दुसरा कमानीच्या मध्यातून, तिसरा कमानीच्या शेपटातून. मधला आणि शेवटचा खिळा कमानीला धरून ठेवतात. तिचं पुढचं टोक मोकळं असतं आणि तेच पात्याच्या बुडावर दाबून बसतं.

खोलताना खिळ्याचं फुललेलं डोकं बारीक कानसीने आधी उतरवायचं. चाकू लाकडाच्या ठोकळ्यावर भोकाच्या नेमका वर ठेवायचा आणि पंचाने खिळा अलगद खाली ठोकायचा. डोकं पुरतं न उतरवता ठोकाठोक केली की शिंगाची बाजू हमखास तडकते. सुरुवात कमानीच्या शेपटाकडून करावी. तो खिळा निघाला की कमान आपसूक उसळते, शेपूट जागेवरून मिलिमीटरभर सरकतं. कारखान्यात कारागिराने तिला सुरुवातीपासूनच थोडं वाकवून बांधलेलं असतं, ते इथे डोळ्यांना दिसतं. मिटलेला चाकू खिशात वर्षभर पडून असला तरी कमान त्या वर्षभर ताणाखालीच असते.

मग पात्याचं बूड हातात येतं. खरी कारागिरी इथे आहे, आणि ही जागा विकत घेणाऱ्याला कधी दिसत नाही. बुडाला साधारण तीन सपाट अंगं असतात. एक उघड्या स्थितीचं, एक मिटलेल्याचं आणि काही चाकूंत एक अर्ध्या उघड्या स्थितीचं, म्हणजे पातं काटकोनात क्षणभर थांबतं आणि बोटं सावध होतात. या प्रत्येक स्थितीत कमानीची पाठ पितळी पट्ट्यांच्या काठाशी अगदी समपातळीत यायला हवी. ती केसभर वर राहिली तर बुडाचं ते अंग केसभर घासायचं, पुन्हा जोडायचं, पुन्हा पाहायचं. एक अंग जास्त घासलं गेलं की कमान तिथे खोल बुडते, आणि घासलेलं पोलाद परत चिकटवता येत नाही. बुडाजवळ, धार जिथे सुरू होते तिथे, एक छोटा उंचवटाही असतो. चाकू मिटल्यावर तो कमानीवर टेकतो, म्हणून धार कमानीला लागत नाही. धार लावणाऱ्या फिरत्या कारागिरांनी हा उंचवटा दगडावर उडवलेले किती चाकू बाजारात फिरत असतील! अशा चाकूची धार एका ठरावीक जागी कायम बोथट होते आणि मालक दोष पोलादाला देतो.

पातं आणि कमान एकाच पोलादाची असली तरी त्यांचं पाणी वेगळं. लालबुंद पातं तेलात विझवलं की ते काचेसारखं कठीण आणि ठिसूळ होतं; मग पुन्हा मंद तापवून ठिसूळपणा काढायचा. घासून लख्ख केलेल्या पोलादावर त्या वेळी रंग चढत जातात. सव्वादोनशे अंशांच्या आसपास फिका गव्हाळी, पुढे तांबूस-जांभळा, तीनशेच्या सुमारास निळा. पात्याला गव्हाळीवर थांबवतात, कारण धारेला कठीणपणा हवा. कमानीला निळ्यापर्यंत किंवा त्याही पुढे नेतात, कारण तिला लवणं हवं. गावचा लोहार हेच विळ्यावर भट्टीशेजारी करतो, थर्मामीटर न वापरता: धार तेवढी पाण्यात विझवतो, पाठीतली उरलेली धग धारेकडे सरकू देतो, रंग धावत येताना पाहतो आणि योग्य रंगाला सगळंच पाण्यात बुडवतो. शेफील्डला घडवणारा, घासणारा आणि जोडणारा हे तीन वेगळे धंदे होते. खेड्यातल्या लोहाराकडे तिन्ही एकाच ऐरणीपाशी.

या लोहाराचं पोलाद आज बहुधा ट्रकखालून येतं. मोडलेले कमानपाटे भंगारात मिळतात, त्यांचे विळे, कोयते, कुऱ्हाडी होतात. पाट्यांच्या पोलादाचा एक जुना, प्रचलित प्रकार म्हणजे सिलिकॉन-मँगनीजचं पोलाद: कार्बन अर्धा-पाऊण टक्का, सिलिकॉन दीड-दोन टक्के, मँगनीज एक टक्क्याच्या आगेमागे. सिलिकॉनमुळे ते जास्त ताण सोसून मूळ आकारात परततं. म्हणजे जंगलातला विळा हा मुळात एक सरळ केलेली कमान असतो. चाकूची कमान करायला हेच पोलाद उत्तम. पात्याला मात्र कार्बन जरा कमी पडतो, धार लवकर जाते.

मँगनीज आणि सिलिकॉन पोलादात जातात ते मिश्रधातूच्या रूपात, आणि ते मिश्रधातू चंद्रपुरात होतात. १९७४ मध्ये महाराष्ट्र इलेक्ट्रोस्मेल्ट नावाने सुरू झालेली कंपनी पुढे 'सेल' या सरकारी पोलाद कंपनीत विलीन झाली. आज तो चंद्रपूर फेरो अलॉय प्लांट आहे. तिथे विजेच्या भट्ट्यांत फेरोमँगनीज आणि सिलिकोमँगनीज बनतं.

पोलादाचा कारखाना मात्र चंद्रपूरला फार आधी यायचा होता. सिंदेवाही भागातल्या लोहारा गावच्या लोहखनिजावर रिटर फॉन श्वार्त्झ या तज्ज्ञाचा अहवाल १८८२ मध्ये जमशेटजी टाटांच्या हाती पडला. जवळच वरोऱ्याला कोळसा होता. खनिज आणि कोळसा इतके शेजारी, म्हणून त्यांनी नमुने जर्मनीला पाठवून तपासले. वरोऱ्याचा कोळसा भट्टीला चालणारा नाही असं कळलं. सरकारी अटीही जाचक होत्या. सतरा वर्षं विषय पडून राहिला. खनिज धोरण सैल झाल्यावर १९०४ मध्ये अमेरिकन भूवैज्ञानिक सी. एम. वेल्ड, दोराबजी टाटा आणि शापुरजी सकलातवाला बैलगाड्यांनी चांद्याच्या, म्हणजे चंद्रपूरच्या, रानात हिंडले. खनिज उत्तम निघालं, पण ठिकठिकाणी विखुरलेलं. मोठ्या कारखान्याला पुरेल एवढा साठा दिसेना. नाद सोडतो आहोत हे सांगायला दोराबजी नागपूरला सचिवालयात गेले, आणि भेटीची वाट पाहताना समोरच्या संग्रहालयात शिरले. तिथल्या भूगर्भीय नकाशात दुर्ग जिल्ह्याचा भाग लोखंडाच्या रंगाने भरलेला दिसला: धल्ली-राजहरा. पुढे शोध मयूरभंजला आणि कारखाना साकचीला गेला. १९१२ मध्ये तिथे पोलाद निघालं. आज एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडचं खनिज खणलं जातंय, चामोर्शी तालुक्यात कोनसरीला प्रकल्प उभा राहतोय, आणि त्यावर गावांचे वादही चालू आहेत. तो वेगळ्या लेखाचा विषय.

या जंगलांचा घडीच्या चाकूशी आणखी एक धागा आहे, आणि तो उलट दिशेने जातो. शेफील्ड आणि जर्मनीतल्या झोलिंगेनच्या उंची चाकूंना सांबरशिंगाच्या बाजू असायच्या. सांबराचं शिंग आतून भरीव, म्हणून मुठीला सगळ्यांत सरस. आणि सांबर भारताचं. ताडोब्यात ज्याची गळलेली शिंगं दिसतात तेच जनावर. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिंग 'ट्रॉफी'त मोडतं आणि गेल्या शतकाच्या अखेरीस निर्यातही बंद झाली. तेव्हापासून शिंगाचा जुना साठा परदेशी कारागीर सोन्यासारखा वापरतात. तडकलेली बाजू बदलायची तर आपण शिंगाचा विचारही करू नये. जुनं, मुरलेलं आलापल्लीचं सागवान पुरे.

जोडणी खोलण्याच्या उलट क्रमाने, पण श्रम दुप्पट. पितळेवरचं हिरवं किटण काढायचं, भोकं पुसायची, बुडाला तेलाचा थेंब. आधी पात्याचा खिळा, मग कमानीचा मधला. शेपटाचा खिळा मात्र आपणहून भोकात कधीच जात नाही. कमान व्हाइसमध्ये दाबून भोकं जुळवावी लागतात आणि निमुळत्या टोकाचा तात्पुरता खिळा घालून ती ओढून घ्यावी लागतात. तीन स्थितींत कमानीची पाठ तपासून झाल्यावरच कायमचे खिळे घालायचे. पात्याचा खिळा ठोकताना बूड आणि पितळी पट्टी यांच्यात कागदाचा तुकडा सरकवून ठेवतात. हलक्या हातोडीने खिळ्याचं डोकं गोल फिरत फुलवायचं, चारदा ठोकायचं की पातं फिरवून पाहायचं, पुन्हा ठोकायचं. मग कागद ओढून काढला की त्याच्या जाडीएवढी मोकळीक उरते: पातं डुगडुगत नाही आणि अडकतही नाही. अडकित्ता दुरुस्त करणारा हीच गोष्ट नुसत्या हाताच्या अंदाजाने साधतो.

बोल्स्टरमधल्या खिळ्याचं डोकं शेवटी बोल्स्टरच्याच धातूत मिसळेपर्यंत घासतात. खिळाही जर्मन सिल्व्हरचा असला तर पॉलिश झाल्यावर त्याचा मागमूस राहत नाही. पुढे कधी चाकू पुन्हा खोलायचा झाला तर आधी तो खिळा शोधण्यातच अर्धा दिवस जातो. कोणी बोल्स्टर तापवून पाहा म्हणेल, ऐकू नये. खिळ्याची कड त्यातून दिसलीच, तरी धग पात्याच्या बुडात उतरते आणि त्याचं पाणी जातं.